आग्नेयेचा ॲपल

ॲपल हा भारताने घडवलेला पहिला संदेशवहन उपग्रह. उपग्रहावरून दूरचित्रवाणी त्याआधीही दिसली होती, पण तो उपग्रह अमेरिकेचा होता. १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात एटीएस-६ वरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखवले गेले. त्यात महाराष्ट्र नव्हता. अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीपासून कर्नाटकाची सीमा जवळच. पलीकडचा गुलबर्गा जिल्हा मात्र प्रयोगात होता. तिथल्या निवडक गावांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या राहिल्या. कर्नाटक-आंध्रसाठी चित्र एकच, आवाज दोन: कन्नड आणि तेलुगू. दुधनीलाही कन्नड कळते, पण संच आखणीप्रमाणे वाटले गेले, भाषेप्रमाणे नव्हे.

एटीएस-६ दुधनीहून नैऋत्य-पश्चिमेला, क्षितिजापासून साधारण ३९ अंशांवर येई. ॲपलची जागा १०२ अंश पूर्व रेखांशावर. दुधनीहून आग्नेयेला, सुमारे ५४ अंश उंचीवर. विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीइतक्याच वेळात फेरी पुरी करतो, म्हणून जमिनीवरून तो जागचा हलत नाही आणि तबकडी एकदा रोखली की काम भागते.

उपग्रहाचे काम ऐकलेले परत सांगण्याचे. ॲपलमध्ये संदेश ६ गिगाहर्ट्झवर वर जाई, ४ वर खाली येई. दोन्हींसाठी एकच कंप्रता ठेवली तर उपग्रहाच्या स्वतःच्या आवाजात जमिनीवरून आलेली क्षीण हाक बुडून जाईल.

ॲपल जुळवला गेला बंगळूरच्या पीण्या वसाहतीतल्या शेडमध्ये. ॲन्टेनाच्या चाचणीसाठी त्याला बैलगाडीवर चढवले, ते गरिबीमुळे नव्हे: ट्रकच्या लोखंडावरून लहरी परावर्तित होऊन मोजमाप बिघडले असते. लाकडी गाडीमुळे ती अडचण उरली नाही.

ॲपल अवकाशात गेला तो युरोपच्या एरियन अग्निबाणाच्या तिसऱ्या उड्डाणात. दुसरे फसले होते. १९ जून १९८१ रोजी कुरूच्या तळावरून ६७० किलोंचा ॲपल निघाला. अंतिम कक्षेत नेणारी मोटर भारताच्या एसएलव्ही-३ अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यावरून बेतलेली होती. वर गेल्यावर दोनपैकी एक सौरपंख उघडलाच नाही. विजेची ओढाताण सांभाळत दूरचित्रवाणी, आकाशवाणी आणि संगणक-जोडणीचे प्रयोग झाले. १९ सप्टेंबर १९८३ ला ॲपल थांबला. तीन आठवड्यांपूर्वीच चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी अवकाशात सोडला गेला होता, आणि तो पुन्हा अमेरिकेत बांधलेला होता.