गोळीपासूनचे चिलखत आणि भिलाईतला धोका

आणीबाणीच्या प्रसंगी हाताशी असावे म्हणून सामान्य नागरिकाने बुलेटप्रूफ जॅकेट विकत घ्यावे का, हे ठरविण्यापूर्वी ते नेमके काय अडविते हे पाहिले पाहिजे. भारतीय मानक ब्युरोच्या २०१८ सालच्या आयएस १७०५१ या मानकात धोक्याच्या सहा पातळ्या आहेत आणि खालच्या पातळीला उतरलेले जॅकेट वरच्या पातळीच्या गोळीपुढे कुचकामी ठरू शकते. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीची ऊर्जा सुमारे ५०० ज्यूल, तर एके-४७च्या गोळीची सुमारे २,००० ज्यूल असते. पहिली गोळी ॲरामिड या ताठ रेणूंच्या कृत्रिम धाग्यांच्या अनेक थरांत, गोलच्या जाळ्यात चेंडू अडकावा तशी अडकते. दुसरीचे टोक चिरडण्यासाठी मात्र बोरॉन कार्बाइडसारख्या अतिकठीण सिरॅमिकची जड प्लेट लागते.

या धाग्याच्या इतिहासात स्टेफनी क्वोलेक यांचे नाव सर्वत्र येते आणि ते यायलाच हवे. ड्यूपाँ कंपनीत टायरसाठी हलका व बळकट धागा शोधत असताना १९६५ साली त्यांना पाण्यासारखे पातळ आणि गढूळ द्रावण मिळाले. त्याने यंत्राची सूक्ष्म छिद्रे बुजतील या भीतीने सहकारी ते कातायला तयार नव्हता, तरी त्यांनी त्याचे मन वळविले. मात्र पुढे केव्हलार म्हणून बाजारात आलेल्या, थोड्या वेगळ्या रेणूच्या धाग्याला त्याचे खरे बळ मिळाले ते हर्बर्ट ब्लेड्स यांच्या पद्धतीमुळे. तीव्र सल्फ्युरिक आम्लातील गरम द्रावण छिद्रांतून आधी हवेत आणि मग थंड पाण्यात सोडले, तर हवेतल्या त्या छोट्याशा अंतरात धागा ताणला जाऊन रेणू एका दिशेत बसतात, हे त्यांनी दाखवून दिले. रसायनशास्त्राइतकीच मोलाची असलेली ही कताईची विद्या लोकप्रिय लेखनात जवळजवळ विसरली गेली आहे, हे खेदजनक आहे.

धागा कायम टिकतो, हा समजही घातक आहे. २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका पोलिसाच्या झायलॉन धाग्याच्या जॅकेटला जी गोळी अडवता यायला हवी होती, तीच आरपार गेली. ओलावा व उष्णता यांनी तो धागा क्षीण होतो, हे नंतरच्या तपासण्यांत दिसले. केव्हलार त्याहून टिकाऊ असले तरी तेही सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी दुबळे होते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आणि पावसाळ्यात दमट होणाऱ्या दुर्ग-भिलाईच्या हवेत कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या, निर्मितीची तारीखही ठाऊक नसलेल्या जॅकेटवर जीव सोपविणे म्हणूनच अविचाराचे ठरेल.

शिवाय भिलाईच्या पोलाद कारखान्यातील दोन मोठ्या दुर्घटनांत असे जॅकेट कामाला आलेच नसते. १२ जून २०१४ रोजी झोतभट्टीच्या वायूची गळती होऊन दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जण दगावले, आणि ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन विभागातील वायुवाहिनीच्या दुरुस्तीच्या वेळी भडका उडून दहाहून अधिक जणांचा बळी गेला. पहिल्या दुर्घटनेतील घातक घटक कार्बन मोनॉक्साइड हा होता. रंग वा वास नसलेला हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. त्याची चाहूल लागते ती विद्युतरासायनिक संवेदकाच्या गजराने, त्यामुळे कारखान्याजवळ राहणाऱ्या कुटुंबाने पैसे खर्चायचेच असतील तर ते प्रथम अशा गजरावर खर्चावेत.

कापडी मास्क किंवा साधा सक्रिय कोळशाचा मास्क हा वायू रोखू शकत नाही, कारण कोळशाच्या पृष्ठभागावर तो जवळजवळ धरलाच जात नाही. त्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉपकॅलाइट हे मँगनीज व तांबे यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण शोधले गेले, ज्याच्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. परंतु ते ओलाव्याने निकामी होते, त्यामुळे त्याच्यापुढे आर्द्रता शोषणारा थर ठेवावा लागतो. आणि हवेत पुरेसा ऑक्सिजनच उरला नसेल तर पाठीवरच्या सिलिंडरमधील हवेवर श्वास घेण्यावाचून इलाज राहत नाही.