चोषण हवा-संवेदक, टर्बोभारित डीझेल एंजिनातील

टर्बोभारित डीझेल एंजिनाच्या सिलिंडरांत शिरणाऱ्या हवेचे द्रव्यमान, दाब व तापमान मोजून ती मूल्ये विद्युत् संकेतांच्या रूपात इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाकडे पाठविणारी साधने. या संकेतांवरून नियंत्रक इंधनाची कमाल मात्रा, टर्बोभारकाचा दाब आणि निष्कास वायूच्या पुनराभिसरणाचे प्रमाण ठरवितो.

पेट्रोल एंजिनात हवेची वाट कमीअधिक अडवून शक्तीचे नियमन करतात व हवेच्या प्रमाणात इंधन देतात. त्यामुळे तेथे हवा मोजणे उघडच आवश्यक असते. डीझेल एंजिनात मूलतः हवा मोकळेपणाने आत येते आणि शक्ती केवळ इंधनाच्या मात्रेने कमीजास्त होते. हवा नेहमी गरजेपेक्षा जास्तच असते. मग ती मोजावयाची कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. आणि दीर्घकाळ ती मोजली जातही नव्हती. ही गरज प्रथम धुरामुळे व नंतर नायट्रोजन ऑक्साइडांमुळे निर्माण झाली.

आल्फ्रेट ब्यूखी या स्विस अभियंत्याने निष्कास वायूवर चालणाऱ्या टरबाइनाने संपीडक फिरवून एंजिनात जास्त हवा भरण्याच्या कल्पनेचे एकस्व (पेटंट) १९०५ मध्ये घेतले. या रचनेत हवेचा दाब पायपट्टीच्या मागोमाग वाढत नाही; टरबाइनाला वेग येईपर्यंत थोडा काळ जातो. त्या अवधीत पूर्ण मात्रेत इंधन दिले, तर हवा अपुरी पडून काळा धूर निघतो. यावर यांत्रिक उपाय असा होता : इंधन पंपावर एक पडदा बसवीत व त्यावर भरणदाब आणून त्याच्या हालचालीने पूर्णभाराचा अटकाव पुढेमागे सरकवीत. घाटात चढणाऱ्या जुन्या मालमोटारींच्या धुराचे एक कारण हा पडदा मुद्दाम छेडला जाणे हेही असे. खरे पाहता हा पडदा म्हणजे टर्बोभारित डीझेल एंजिनातील आद्य हवा-संवेदकच होय. मात्र तो केवळ दाब जाणत असे, हवेचे वजन नव्हे.

हा भेद महत्त्वाचा आहे. हवा दाबली की तापते. ३०° से. तापमानाची हवा दुप्पट दाबापर्यंत नेली, तर संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास ती सु. १२५° से. पर्यंत तापते. म्हणून संपीडकानंतर शीतक बसवितात. २ लिटर धारणेचे चतुर्धाव एंजिन मिनिटाला २,००० फेरे करीत असेल, तर ते मिनिटाला २ घ. मी. आकारमानाची हवा ओढते. निरपेक्ष दाब २०० किलोपास्काल, तापमान ५०° से. व भरण-कार्यक्षमता ९० टक्के असता हे वजन सु. ३·९ किग्रॅ. भरते. तापमान १२०° से. असेल, तर दाब तोच असूनही ते ३·२ किग्रॅ. वर येते, म्हणजे सु. १८ टक्के घटते. दाबमापकाकडे पाहून इंधन सोडणाऱ्यास ही तूट दिसतच नाही. याच कारणाने दाब-संवेदकाशेजारी, बहुधा एकाच कवचात, तापमान-संवेदक बसविलेला असतो.

दाब-संवेदकात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असून त्याच्या एका बाजूस निर्वात पोकळी असते, म्हणून तो निरपेक्ष दाब दर्शवितो. पडद्यावर घडविलेल्या रोधकांचा विद्युत् रोध ताणामुळे बदलतो. सिलिकॉनचा हा गुणधर्म सी. एस. स्मिथ यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. तापमानासाठी ज्याचा रोध तापमान वाढता कमी होतो असा ऊष्मारोधक वापरतात. द्रव्यमान-संवेदक मात्र संपीडकाच्या अलीकडे, हवा-गाळणीलगत असतो. कारण तेथे हवा थंड, स्वच्छ व तेलाच्या वाफेपासून मुक्त असते. त्यातील तापविलेल्या पातळ पटलावरून हवा वाहिली म्हणजे पटल निवते. तापलेल्या तारेपासून वाहत्या वायूत जाणारी उष्णता वेगाच्या वर्गमूळानुसार कशी वाढते, याचा नियम एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये मांडला होता; मोटारगाडीतील हा संवेदक त्याच तत्त्वावर चालतो. पटलाच्या पुढील व मागील बाजूंच्या तापमानांतील फरकावरून प्रवाहाची दिशाही कळते. झडपांच्या उघडझापीने हवा क्षणभर उलटी फिरते व ती दोनदा मोजली जाण्याची भीती असते, म्हणून हे आवश्यक आहे.

दाब व तापमान यांवरून वजनाचे गणित करता येत असताना वेगळा द्रव्यमान-संवेदक का लागतो, याचे उत्तर पुनराभिसरणात आहे. ज्वलनाचे कमाल तापमान उतरवून नायट्रोजन ऑक्साइडे कमी करण्यासाठी निष्कास वायूचा काही भाग पुन्हा सिलिंडरात सोडतात. हा वायू तप्त व काजळीयुक्त असल्याने त्याच्या वाटेत नाजूक पटल टिकत नाही. म्हणून तो वजाबाकीने काढतात. नलिकेतील दाब व तापमान सिलिंडरात एकूण किती वायू गेला ते सांगतात, द्रव्यमान-संवेदक त्यातील ताजी हवा किती ते सांगतो; उरलेला तो पुनराभिसृत वायू. वरील एंजिनातच मध्यम भाराला एकूण भरण मिनिटास २·१९ किग्रॅ. व ताजी हवा १·५४ किग्रॅ. असेल, तर पुनराभिसरण ३० टक्के होते.

वजाबाकीच्या पद्धतीत लहान चूक मोठी होते. धूळ व तेल साचून पटल प्रत्यक्षापेक्षा १० टक्के कमी हवा दाखवू लागले, असे समजू. नियंत्रकाला ताजी हवा कमी पडत आहे असे वाटते व तो पुनराभिसरणाची झडप मिटत नेतो. दर्शविलेले मूल्य १·५४ वर येईपर्यंत प्रत्यक्ष हवा १·७१ किग्रॅ. झालेली असते व पुनराभिसरण ३० वरून २२ टक्क्यांवर उतरते. नायट्रोजन ऑक्साइडे वाढतात, परंतु ती डोळ्यांना दिसत नाहीत. चालकाला जाणवते ती दुसरी बाजू : हवा कमी आहे या समजुतीने इंधनाची कमाल मात्राही कापली जाते आणि गाडी चढावर दम सोडते. भारतात डीझेल मोटारगाड्यांसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा भारत टप्पा ४ मध्ये दर किमी.स २५० मिग्रॅ. होती, १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या टप्पा ६ मध्ये ती ८० मिग्रॅ. झाली. एवढ्या अरुंद मर्यादेत अशी चूक सामावणे कठीण असते. अवजड वाहनांत या वजाबाकीऐवजी पुष्कळदा पुनराभिसरणाच्या वाटेतच अरुंद गळा ठेवून त्याच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरकावरून प्रवाह काढतात.

उंचीचा परिणाम वेगळा असतो. लेह (सु. ३,५०० मी.) येथे वातावरणाचा दाब सु. ६६ किलोपास्काल असतो. तेथे भरणदाब २०० किलोपास्काल राखावयाचा झाल्यास संपीडकाला समुद्रसपाटीवरील दुपटीऐवजी तिपटीने हवा दाबावी लागेल व टरबाइनाचा वेग धोक्याच्या मर्यादेपलीकडे जाईल. नियंत्रकातील वातावरणदाब-संवेदक या वेळी भरणदाबाचे लक्ष्य खाली आणतो. शक्ती घटते, पण टर्बोभारक वाचतो.

शक्ती कमी झाली की द्रव्यमान-संवेदक बदलण्याची प्रथा कार्यशाळांत रूढ आहे. ती बहुधा खर्चिकच ठरते, कारण दोष अनेकदा नळीच्या जोडात असतो. पुनराभिसरणाची झडप मिटलेली असताना द्रव्यमान-संवेदकाचे मूल्य आणि दाब व तापमान यांवरून काढलेले मूल्य जुळावयास हवे. मोजलेली हवा जास्त भरली, तर संपीडक व सिलिंडर यांच्या दरम्यान गळती असण्याचा संभव असतो. कमी भरली, तर पटल मळलेले असते किंवा संवेदकाच्या पुढे, संपीडकापूर्वी बाहेरची हवा शिरत असते. दाब-संवेदकाची पारख याहून सोपी आहे. एंजिन बंद ठेवून केवळ विद्युत् पुरवठा चालू केला असता त्याने त्या जागेचा वातावरणदाब दाखवावा : मुंबईस सु. १०१, पुण्यास सु. ९५ व महाबळेश्वरी सु. ८६ किलोपास्काल.