फुलल्या पळसाला सावली नसते

माघ संपत आला की आपल्या बदलापूर-वांगणीकडचे डोंगर रंग बदलू लागतात. आधी काटेसावर, तिच्या मागोमाग पांगारा आणि होळीच्या सुमारास पळस. रानफुले पाहायची ती भाद्रपदात, आणि तीही साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाऊन, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. कासचे वैभव मोठे, यात वाद नाही. पण वसंतात फुलणारी ही झाडे पाहायला एवढ्या दूर जायला नको. कोंडेश्वरचा परिसर, चंदेरीचा पायथा, बारवीकडचा रस्ता, मलंगगडाखालची गावे ही सारी आपल्या तिन्ही शहरांच्या हाताशी आहेत. रविवारी मुलाबाळांना आणि आजी-आजोबांनाही घेऊन तिकडे जाणारी कुटुंबे आता वाढली आहेत. एरवी भाजी आणायलाही स्कूटर काढणारी माणसे चार-पाच किलोमीटर चालतात, ही गोष्ट डॉक्टरला आवडणारच.

फक्त एक लक्षात घ्यावे. सावर, पांगारा आणि पळस ही तिन्ही झाडे पाने गाळतात आणि मग फुलतात. पळसाला पाने तीनच म्हणतात, पण ऐन बहरात तीही बहुधा नसतात! म्हणजे जिथे आपण फुले पाहायला थांबणार, फोटो काढणार, डबा उघडणार, नेमकी तिथेच सावली नाही. पायाखाली तापलेला कातळ आणि वाळलेले गवत. पावसाळी सहलीला डोक्यावर ढग असतात आणि वाटेत पाणीच पाणी असते. तीच सवय घेऊन लोक फाल्गुनात निघतात. सकाळी नऊला घर सोडतात आणि भर बाराला टेकडीवर असतात.

'मार्च म्हणजे काही मे नव्हे' असे पेशंट मला सांगतात. शरीराच्या दृष्टीने मात्र मार्च अधिक फसवा. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून मीठ कमी जाऊ लागते. थंडी नुकतीच सरलेली असताना ही तयारी झालेली नसते. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीसच मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा देण्यात आला होता. त्यातून आपली हवा दमट. घाम येऊन भागत नाही, तो वाळला तरच अंग थंड होते, आणि दमट हवेत तो वाळत नाही. म्हणूनच हवामान खाते मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासून.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. त्या उन्हाने १४ जणांचा बळी घेतला. खारघर म्हणजे आपल्या डोंगरापलीकडचेच गाव. आणि ती माणसे टेकडी चढत नव्हती, मैदानात बसलेली होती.

आता एक नाजूक विषय. सहलीहून आल्यावर डोकेदुखी, उलट्या, पायात गोळे अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते. 'पाणी किती प्यालात?' या प्रश्नाला बहुतेकींचे उत्तर ठरलेले असते: 'मुद्दामच प्याले नाही, तिकडे जायची सोय कुठे असते?' तहान मारून, वर सगळ्यांच्या डब्यांची पिशवी उचलून त्या उन्हात चालतात. घरातल्या पुरुषांनी निघण्यापूर्वी याचा विचार करावा. वाटेत कुठे थांबता येईल, स्टेशनवर, एखाद्या हॉटेलात की गावात ओळखीच्या घरी, हे आधी ठरवावे आणि पिशवी स्वतः घ्यावी. तसे झाले तर निम्मे दुखणे दवाखान्यापर्यंत पोहोचणारच नाही.

म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, त्यांना मागायची वाट न पाहता पाणी द्यावे. लहान मुले खेळण्याच्या नादात सांगत नाहीत. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असलेल्यांनी अशा दिवशी काय करावे हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, मनाने गोळी बंद करू नये. मधुमेहींनी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. चढताना ज्याच्या छातीत दडपण येते त्याने फुले पुढच्या वर्षी पाहावीत, आधी कार्डिओग्राम काढावा.

पाणी माणशी दोन लिटर तरी हवे. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की घरचे जलसंजीवनीचे पाणी तयार होते. त्यात लिंबू पिळायला हरकत नाही. बाटलीतली रंगीत पेये हा त्याला पर्याय नव्हे. खिशात कांदा ठेवणारे अजून भेटतात. तो जेवताना खावा.

चक्कर, गोळे, मळमळ सुरू झाली की सहल तिथेच थांबवावी, त्या माणसाला सावलीत निजवून पाणी द्यावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा त्याला आकडी आली, तर तो उष्माघात समजावा. घाम थांबला तरच उष्माघात, ही समजूत चुकीची आहे. चालून झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकते. अशा वेळी तापाची गोळी उपयोगाची नाही. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघांत ठेवावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नये. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंग भिजवत राहावे.

उन्हाखेरीज दोन बारीकसारीक गोष्टी. उंच सावरीवर आग्या मोहोळ असते, त्याच्याखाली धूर करू नये आणि दगड तर मुळीच मारू नये. खाजकुइलीच्या शेंगा याच दिवसांत वाळतात. कुसे अंगाला लागली तर चोळू नये, चिकटपट्टी लावून उपटावीत आणि मग धुवावे.

थोडक्यात म्हणजे उजाडता उजाडता चालायला लागावे आणि दहाच्या आत परतीच्या वाटेला असावे. फुलांवर मैना, बुलबुल आणि सूर्यपक्षी येतात तेही सकाळीच, त्यामुळे उशिरा जाणाऱ्याचे तसेही नुकसानच. ज्यांना डोंगर झेपणार नाही त्यांनी हिरमुसू नये. एप्रिलमध्ये बहावा फुलतो. त्याचे पिवळे घोस शहरातल्या रस्त्याकडेलाही लोंबतात, आणि ते सायंकाळी पाचनंतर नातवाचे बोट धरून पाहता येतात.