गळालेल्या शंका
गुप्तवार्ता म्हणजे सिद्ध सत्य नव्हे, तर खबऱ्यांचे सांगणे, चोरून ऐकलेली संभाषणे आणि उपग्रहचित्रे यांवरून बांधलेला अंदाज, आणि म्हणूनच विश्लेषक त्यालगत आपल्या शंकाही नोंदवतात. ब्रिटिश सरकारने २४ सप्टेंबर २००२ रोजी इराकविषयी प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजातून मात्र अशा शंका बहुतांशी गळाल्या, आणि रासायनिक वा जैविक अस्त्रे आदेशानंतर ४५ मिनिटांत वापरता येतील हे विधान, ते बहुधा रणांगणावरील दारूगोळ्यापुरतेच असल्याचा खुलासा न करता, छापले गेले. शंका वगळणे खोटे बोलण्याइतके ठळक दिसत नसले तरी दिशाभूल तितकीच करते. इराक युद्धाची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश समितीच्या २०१६च्या चिलकॉट अहवालाने या मांडणीतील खात्री असमर्थनीय ठरवली, मात्र तत्कालीन पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यावर हेतुपुरस्सर खोटे बोलल्याचा ठपका ठेवला नाही.