संगणक मंदावला की आधी एवढे पाहा



धायरीच्या आपल्या कार्यालयात एक जुना संगणक आहे. एका कुटुंबाने दान दिलेला, विंडोज एक्सपीवर चालणारा. वेल्हे आणि मुळशीकडच्या कातकरी वस्त्यांवरून येणारी कागदपत्रे स्कॅन करून आम्ही त्यात ठेवत आलो. त्यात शाळेच्या जुन्या रजिस्टरचे उतारे आहेत, जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा आहे. जात पडताळणीच्या वेळी त्या तारखेपूर्वीची आजोबा-पणजोबांची नोंद मुलाच्या फार उपयोगी पडते. मूळ कागद पावसात भिजतो, वाळवी खाते. मग स्कॅन केलेली प्रत हाच आधार उरतो.

गेल्या पावसाळ्यात हा संगणक अगदीच मंदावला. एक फोल्डर उघडायला मिनिटभर लागे. गाणे लावले तर ते अडखळे, माऊसचा बाण जागच्या जागी थिजे. "भंगारात द्या, नवा घ्या," असे सगळ्यांचे म्हणणे पडले. पण व्हायरस सापडला नाही, डिस्कवर जागाही भरपूर होती. दोष निघाला भलत्याच ठिकाणी. तो समजला तर अशी जुनी यंत्रे वापरणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचा खर्च आणि मनस्ताप वाचेल, म्हणून हे लिहीत आहे.

हार्ड डिस्कवरची माहिती संगणकाच्या मेमरीत आणण्याच्या दोन रीती असतात. एकीला पीआयओ म्हणतात आणि दुसरीला डीएमए. मंडळीच्या प्रीतिभोजनाचा प्रसंग आठवा. आचारीच चूल सोडून प्रत्येक पानावर वाढायला धावू लागला तर पंगत खोळंबते आणि चुलीवरचे करपते. पीआयओमध्ये असेच होते. संगणकाचा प्रोसेसर स्वतः डिस्कवरची माहिती थोडी थोडी उचलून मेमरीत ठेवत बसतो, त्याची बाकीची कामे अडतात. डीएमएमध्ये वाढपी वेगळे असतात. प्रोसेसर फक्त हुकूम देतो, माहिती परस्पर मेमरीत पोहोचते.

वेगातला फरकही मोठा आहे. पीआयओची सर्वांत वरची नेहमीची पायरी कागदोपत्री सेकंदाला सुमारे १६ मेगाबाइट देते, प्रत्यक्षात बरेच कमी. अल्ट्रा डीएमएच्या पायऱ्या ३३, ६६, १०० आणि १३३ मेगाबाइटपर्यंत जातात. आमच्याकडे एक गिगाबाइट बाहेरच्या डिस्कवर उतरवायला जवळजवळ सहा मिनिटे लागत होती.

मग चांगला चालणारा संगणक आपण होऊन मंद रीतीवर कसा येतो? डीएमएने माहिती येताना वाटेत चूक झाली तर संगणकाला ती कळते आणि तो तेच काम पुन्हा करतो. अशा चुका वारंवार झाल्या की विंडोज एक्सपी सावध होते. एकूण सहा चुका मोजल्या की ते एक पायरी खाली उतरते, असे करत करत शेवटी पीआयओवर येऊन थांबते. तिथून मात्र ते स्वतःहून वर चढत नाही. चुकीचे कारण कधीच दूर झाले असले तरी संगणक बैलगाडीच्याच चालीने चालत राहतो.

आता तपासायचे कसे ते पाहू. 'माय कॉम्प्युटर'वर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'हार्डवेअर' आणि मग 'डिव्हाइस मॅनेजर'. यादीत 'आयडीई एटीए/एटापी कंट्रोलर्स' सापडेल. त्याखालच्या 'प्रायमरी आयडीई चॅनल'च्या प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' पाहा. 'करंट ट्रान्सफर मोड'समोर 'अल्ट्रा डीएमए' असेल तर दुखणे दुसरे काहीतरी आहे. हार्ड डिस्कसमोर 'पीआयओ मोड' दिसला तर चोर सापडला.

पण थांबा. लगेच सेटिंग बदलू नका. आधी महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, कितीही वेळ लागो. चुका झाल्या म्हणूनच संगणक खाली उतरला आहे आणि त्या चुका मरणाच्या वाटेवरच्या डिस्कच्याही असू शकतात. आम्ही अठरा गिगाबाइट कागदपत्रे आधी त्याच कूर्मगतीने उतरवली. पावणेदोन तास लागले. वीज गेली नाही हे नशीब.

मग संगणक बंद करून, वायर भिंतीतून काढून पेटी उघडा. डिस्कला जोडणारी चपटी, रुंद केबल घट्ट बसली आहे का, कुठे मुडपली आहे का ते पाहा. ३३ च्या वरच्या वेगाला ८० तारांची केबल लागते. तिच्या तारा ४० तारांच्या जुन्या केबलपेक्षा बारीक दिसतात. तिचे निळे टोक मदरबोर्डला आणि काळे टोक मुख्य डिस्कला लावायचे असते. आमची केबल धूळ झाडताना एका बाजूने ढिली झाली होती. तिथेच सगळे बिनसले होते.

यानंतर पुन्हा त्याच ठिकाणी जा. 'ट्रान्सफर मोड'मध्ये 'पीआयओ ओन्ली' असेल तर 'डीएमए इफ अव्हेलेबल' निवडा आणि संगणक पुन्हा सुरू करा. ते आधीच निवडलेले असूनही खाली पीआयओ दिसत असेल, तर त्या 'प्रायमरी आयडीई चॅनल'वर उजवी कळ दाबून 'अनइन्स्टॉल' करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. घाबरू नका, याने डिस्कवरचे काही पुसले जात नाही. विंडोज तो चॅनल नव्याने ओळखते आणि जुन्या चुकांचा हिशेब सोडून देते. आणखी एकदा सुरू करायला सांगितले तर करा. आमचा संगणक लगेच 'अल्ट्रा डीएमए'वर आला. तीच कागदपत्रे दुसऱ्या प्रतीसाठी उतरवली तेव्हा पंधरा मिनिटांत काम झाले.

आठवड्याने पुन्हा तपासा. संगणक परत पीआयओवर उतरला असेल तर केबल बदला. नव्या केबलनेही तेच झाले तर डिस्कचे दिवस भरले समजा आणि तिच्यावर काही ठेवू नका. नवीन संगणकांत सॅटा जोडणी असते. तिथे ही चपटी केबल नसते, त्यामुळे हा उपाय जुन्या यंत्रांपुरताच आहे. शिवाय एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ पासून बंद आहे, म्हणून असा संगणक इंटरनेटला जोडू नये.

आमचा जुना संगणक आता स्कॅनरशेजारी नीट काम करतो आहे. पण त्याच्यावर विसंबणे आम्ही सोडले. प्रत्येक कागदाच्या आता दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असतात. यंत्र दुरुस्त करता येते, नवे आणताही येते. वस्तीवरच्या पणजोबांच्या नावाची ती एक ओळ गेली तर ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.