फिरतं ठेवलेलं पाणी

मेलबर्नच्या रॉयल बोटॅनिक गार्डन्समधलं मोठं तळं, ऑर्नामेंटल लेक, हे मुळात यारा नदीचंच अंग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुराला वाट देण्यासाठी नदीचं वळण सरळ केलं गेलं आणि तळं नदीपासून तुटलं. 1997 ते 2009 या काळात आग्नेय ऑस्ट्रेलियात दीर्घ दुष्काळ पडला, पाणीवापरावर निर्बंध आले. तळ्याची पातळी उतरली, उरलेलं पाणी तापलं आणि त्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाची साय धरू लागली. यावर बागेने 'वर्किंग वेटलँड्स' नावाचा प्रकल्प उभा केला. त्याचं कौतुक बहुधा एकाच अंगाने होतं: आजूबाजूच्या रस्त्यांवरून वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवलं आणि नळाचं पाणी वाचवलं. ते खरंच आहे, पण दुय्यम. या योजनेचं मर्म आहे ते अडवलेलं पाणी पुन्हापुन्हा पाणथळीतून फिरवण्यात.

रस्त्यावरून येणारं पाणी निर्मळ नसतं. टायरची झीज, ब्रेकमधलं तांबं, पत्र्यांवरचं जस्त, कुजका पाला, कुत्र्यांची घाण, सिगारेटची थोटकं, सगळं पहिल्या सरीबरोबर येतं. प्लास्टिक आणि काटक्याकुटक्या आधी सापळ्यात अडकतात, जड वाळू खाली बसते. बारीक माती मात्र पाण्याबरोबरच पुढे जाते, आणि स्फुरद मुख्यतः तिलाच चिकटून प्रवास करतो. उथळ पाण्यात दाट लावलेल्या लव्हाळ्यांत शिरल्यावर हे पाणी मंदावतं. बुडालेल्या प्रत्येक काडीवर बोटाला बुळबुळीत लागणारा थर असतो, तो सूक्ष्मजीवांचा. बारीक कण त्याला चिकटतात. मुळांपाशी प्राणवायू असतो, थोडं पलीकडे चिखलात तो नसतो, आणि या दोन शेजारांत मिळून नत्राचं रूप बदलत बदलत शेवटी त्याचा काही भाग वायू होऊन हवेत निघून जातो. झाडं पाणी 'पितात' आणि शुद्ध करतात, असं माहितीफलकांवर लिहायला सोपं जातं. झाडं नत्र-स्फुरद घेतात हे खरं, पण कापून बाहेर नेली नाहीत तर कुजताना त्यातलं बरंचसं परतही करतात. जास्त काम करतो तो काडीवरचा थर आणि तळाचा चिखल.

स्फुरदाला मात्र हवेत जायची सोय नाही. तो गाळात बसतो, आणि वरचं पाणी साचून तळाशी प्राणवायू संपला की लोहाशी धरलेली त्याची गाठ सुटून तो पुन्हा पाण्यात उतरतो. शिवाय एका फेरीत फार साधत नाही. पावसाच्या पाण्यासाठी व्हिक्टोरिया राज्याने 1999 साली स्वीकारलेली उद्दिष्टंच पाहा: तरंगत्या मातीत 80 टक्के घट, स्फुरदात आणि नत्रात प्रत्येकी 45 टक्के. म्हणजे नेमून दिलेलं काम चोख करणारी व्यवस्थाही निम्म्याहून अधिक नत्र पुढे सोडू शकते. असं पाणी तळ्यात नुसतं साठवलं तर शेवाळाला खत घातल्यासारखंच. म्हणून तळ्यातलं पाणी पंपाने उचलून गिलफॉइलच्या 'ज्वालामुखी'त नेतात. संचालक विल्यम गिलफॉइल यांनी 1876 मध्ये उंचवट्यावर बांधलेला हा हौद. कित्येक दशकं वापराविना पडून होता, 2010 मध्ये पुन्हा खुला झाला. त्यात वनस्पती लावलेली तरंगती बेटं आहेत, मुळं थेट पाण्यात लोंबणारी. तिथून पाणी उताराने कमळतळ्यात, नेच्यांच्या घळीतून, आणि परत मोठ्या तळ्यात येतं.

पंपाला वीज लागते, हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. पण दर फेरीत चढ एकदाच चढवायचा असतो. उतरणीचं काम गिलफॉइलच्या उंचवट्याने फुकट करून ठेवलंय. तुरटी टाकून स्फुरद बसवता येतो, मग एवढा खटाटोप कशाला, असंही कोणी म्हणेल. बसवता येतो, पण नवा स्फुरद दर पावसाबरोबर येतच राहतो. यारेच्या हक्काचं पाणी बाग पळवते का? उलट, फरशी आणि डांबर यांमुळे नदीकडे एकदम धावणारा लोंढाच शहरी नद्यांना मारक ठरतो. सर्वांत वजनदार आक्षेप गाळाचा. जस्त, तांबं नाहीसं होत नाही, पाणथळीत जमा होतं, आणि कधीतरी ते उपसून योग्य जागी टाकावंच लागतं. उपशाच्या खर्चाची तरतूद न करता पाणथळ बांधणारी संस्था नवीन उकिरडा बांधते, मग फुलं कितीही सुंदर असोत.

मराठी वाचकाला साहजिक पुणं आठवेल. दोन्ही शहरांचा वार्षिक पाऊस फार दूर नाही, मेलबर्नचा साधारण 650 मिलिमीटर, पुण्याचा सातशेच्या आसपास. पण तिथला वर्षभर थोडाथोडा पडतो, इथला बहुतेक चार महिन्यांत. फिरवायचं म्हटलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरवायला पाणी हवं, आणि तोवर उन्हाने बरंचसं नेलेलं असतं. तेव्हा पुण्यातल्या बागेला ही रचना जशीच्या तशी उचलून चालणार नाही. कोरड्या महिन्यांसाठी तिला बहुधा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा विचार करावा लागेल, आणि त्यात नत्र-स्फुरदाचा भार आणखी जड असतो.