लाल विंचू आणि आपली चेतासंस्था

कोकणात गडग्याचा दगड उचलताना, सरपणाच्या ढिगात हात घालताना किंवा पेंढ्याच्या गंजीशी अनवाणी वावरताना विंचू डंख मारतो. माणूस पाय झटक्यात मागे घेतो आणि ओरडतो मग. हा क्रम मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. पाय मागे घेण्याचा हुकूम मेंदू देत नाही, तो पाठीच्या कण्यातला मेरुरज्जू देतो. मेरुरज्जूतून चेतांच्या 31 जोड्या निघतात. पायातून आलेली वर्दी तिथल्या तिथे स्नायूंकडे वळवली जाते आणि मेंदूला मागाहून कळतं. हीच प्रतिक्षिप्त क्रिया.

कळही दोनदा येते. पहिली सुईसारखी, नेमक्या जागी. ती आणणाऱ्या तंतूंवर मज्जेचं पातळ वेष्टण असतं, त्यामुळे ती सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने धावते. दुसरी कळ आग होणारी, पसरणारी. तिचे तंतू बारीक आणि वेष्टणाविना असतात, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटरभर. पायाला डंख झाला तर दोन्ही कळांमधलं अंतर मोठ्या माणसाला स्पष्ट जाणवतं.

ही वर्दी जाते कशी? विजेच्या तारेची उपमा नेहमी दिली जाते, ती मला अपुरी वाटते. तारेतून प्रवाह वाहत जातो. चेतापेशीच्या लांब अक्षतंतूवर मात्र दारं एकामागून एक उघडत जातात. विश्रांतीत पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असतो. सोडियमची दारं उघडली की सोडियमचे धनभारित कण आत घुसतात, तिथला भार क्षणभर उलटतो आणि त्या धक्क्याने पुढची दारं उघडतात. साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात ती मिटतात. मग पोटॅशियम बाहेर पडून तंतू पूर्ववत होतो. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी हे स्क्विडच्या, म्हणजे आपल्या माकुळाच्या, जाडजूड अक्षतंतूवर मोजलं आणि 1952 मध्ये गणितात मांडलं. 1963 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

लाल विंचवाचं विष नेमकं या दारांवर बसतं. सोडियमचं दार वेळेवर मिटत नाही, त्यामुळे एका वर्दीच्या जागी वर्द्यांची रांग लागते. याच विंचवाच्या विषातून वेगळं केलेलं इबेरिओटॉक्सिन एका प्रकारची पोटॅशियमची दारं अडवतं. त्या दारांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा आजही ते वापरतात.

आपल्या मनाप्रमाणे चालणारे हातपाय हा चेतासंस्थेचा एक भाग झाला. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचं आकुंचन, लाळ, घाम, आतड्यांची हालचाल हे सगळं न विचारता चालवणारी स्वायत्त चेतासंस्था हा दुसरा. तिच्या दोन शाखा: अनुकंपी शाखा शरीराला धावपळीसाठी सज्ज करते, परानुकंपी शाखा त्याला निवांत करते. शाळेत आपण या दोघींची नावं पाठ करतो आणि विसरतो. महाड परिसरातल्या डॉक्टरांना मात्र त्या रोग्याच्या अंगावर दिसत होत्या.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. डंख झालेल्या मुलांना उलट्या होत, दरदरून घाम फुटे, तोंडाला लाळ सुटे, हातपाय गार पडत. काही तासांत छातीत पाणी होऊन तोंडाला गुलाबी फेस येई आणि मूल दगावे. ते रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. हृदयावरच्या संकटाची ही पूर्वचिन्हं त्यांनी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. मोठं इस्पितळ नाही, महागडी यंत्रं नाहीत, तरी निरीक्षण इतकं नेटकं. मराठी वैद्यकातलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

त्या नोंदींतून उलगडा झाला तो असा. उलट्या आणि लाळ ही परानुकंपी शाखेची गडबड. तिच्यापाठोपाठ अनुकंपी शाखा खवळते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, आणि आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलताना हृदय थकतं. त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी लागू पडली. अनुकंपी चेतांचा संदेश रक्तवाहिन्यांवरच्या ज्या अल्फा ग्राहकांवर पोचतो, तेच ती अडवते. वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. हा उपचार ‘लॅन्सेट’मध्ये 1986 मध्ये आला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी 30 ते 40 टक्के दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण 1 टक्क्यावर आलं. 2011 मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं की प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली, तर रोगी आणखी लवकर सावरतो.

गावात अजूनही विंचू उतरवणाऱ्याकडे आधी नेतात, आणि कळ थांबली की उतार पडला असं मानतात. इथेच घात होतो. नुसती असह्य कळ, बाकी काही नाही, असा रोगी बहुधा सुखरूप राहतो. ज्याच्या अंगात विष भिनलं आहे त्याला डंखाच्या जागी कित्येकदा थोडंच दुखतं. म्हणून डंखानंतर मुलाला उलटी झाली, घाम फुटला, हातपाय गार लागले, तर कळ कमी आहे म्हणून घरी थांबू नका. ताबडतोब जवळच्या आरोग्य केंद्रात न्या.